माती, गादी आणि खाडा

चाहता : 1962 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धांत सांगली जिल्ह्यातल्या दोन पैलवानांनी जे करून दाखवलं, त्याची आठवण आपण फार थोडी ठेवली आहे. पुनवतच्या गणपतराव आंदळकरांनी ग्रीको-रोमन कुस्तीत सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवलं. कवठेपिरानच्या मारुती मानेंचं नेमकं उलट : फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. दोघंही तांबड्या मातीत घडलेले. आंदळकर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीतले, 1960 चे हिंदकेसरी. माने पुढं 1964 चे हिंदकेसरी. जिथं गुण मोजत नाहीत, पाठ लागली की कुस्ती निकाली, अशा आखाड्यातून हे दोघं गादीवर गेले, आणि गादीवरच्या दोन वेगवेगळ्या नियमांच्या कुस्त्यांत पदकं घेऊन आले. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली धरता येत नाही, पायाचा वापर करून पाडता येत नाही. आपल्या पैलवानाची निम्मी विद्या तर पायांशी असते. पट काढणं, टांग मारणं, कलाजंग, हे सगळं बाजूला ठेवून आंदळकरांनी सुवर्ण जिंकलं. एका माणसाच्या पराक्रमापेक्षा मोठं काही मला यात दिसतं. विद्या खरी असेल तर ती नियमांच्या कुंपणात अडकून पडत नाही.

साशंक : पराक्रम मला शंभर टक्के मान्य आहे. त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मान्य नाही. दोन वर्षांनी टोकियोच्या ऑलिंपिकला आंदळकर गेले, तिथून पदक आलं नाही. आणि ग्रीको-रोमनचं म्हणाल, तर त्या प्रकारात आजवर एकाही भारतीयाला ऑलिंपिक पदक मिळालेलं नाही. आपली सगळी पदकं फ्रीस्टाइलची. विद्या कुंपणात अडकत नसती, तर आंदळकरांच्या मागून कुणीतरी गेलं असतं. मला वाटतं, मैदान बदललं की कुस्तीच बदलते. गामा पैलवानाचंच घ्या. 1910 साली लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झिबिस्को गादीवर भिडले. झिबिस्को खाली पडून राहिला, गादीला चिकटून बसला, आणि अडीच तासांहून अधिक वेळ झटूनही गामाला तो चीत करता आला नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. तेच दोघं 1928 मध्ये पतियाळाला मातीत समोरासमोर आले, तेव्हा गामानं एका मिनिटाच्या आत निकाल लावला. माणसं तीच, निकालात जमीन-अस्मानाचा फरक. पायाखालची जमीन आणि जमिनीबरोबर येणारे नियम, यांनी तो फरक घडवला. म्हणून दोन्हीकडे पदक मिळवणाऱ्याला मी अपवाद समजतो, आणि अपवादावरून सिद्धांत मांडायला मी कचरतो.

चाहता : मधल्या अठरा वर्षांत दोघांचंही वय झालं होतं, हे तुम्ही हिशेबात धरलं नाही. तरी गामाचं उदाहरण मी सोडत नाही, कारण ते तुमच्यापेक्षा माझ्या कामाचं आहे. गामा त्या गादीवर उपरा होता. तिची सवय करून घ्यायला त्याला वेळ मिळालाच नव्हता. वेळ मिळाला की काय होतं, ते खाशाबा जाधवांनी दाखवलं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान 1948 मध्ये लंडन ऑलिंपिकला गेला आणि सहावा आला. तिथं रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन मल्लानं त्याला गादीची कुस्ती शिकवली. चार वर्षांनी हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्यापुढं होते जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामादबेयोव्ह. याला चमत्कार म्हणणं खाशाबांवर अन्याय आहे. मातीनं त्यांना पकड, दम आणि चपळाई दिली. गादीनं त्यांच्याकडून घड्याळाचा आणि गुणांचा हिशेब मागितला. तो हिशेब ते शिकले. जे शिकता येतं ते अपवाद कसं ठरेल?

साशंक : शिकता येतं, पण कुणाच्या खर्चानं? 1948 ला खाशाबांच्या पाठीशी कोल्हापूर दरबार होता. शाहू महाराजांनी 1912 साली खासबाग मैदान उभं केलं, तालमी पोसल्या, त्याच परंपरेतला तो आधार. मार्च 1949 मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झालं. दरबार गेला आणि त्याच्या जागी दुसरं कुणी उभं राहिलं नाही. 1952 ला खाशाबांसाठी लोकांकडून पैसे गोळा करावे लागले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. देशाचं पहिलं वैयक्तिक पदक एका शिक्षकाच्या गहाणखतावर उभं आहे. तुम्ही म्हणता विद्या कुंपण ओलांडते. मी म्हणतो, कुंपण माणूस ओलांडतो, आणि ओलांडायला भाडं लागतं. ज्याला ते मिळालं त्याचं नाव आपण घेतो. ज्यांना मिळालं नाही, त्यांच्या विद्येचं काय झालं हे सांगायला कागद नाही. म्हणून दोन आखाडे गाजवणाऱ्याचं चरित्र वाचताना माझं लक्ष त्याच्या डावांआधी त्याच्या खर्चाकडं जातं.

चाहता : मग मी तुम्हाला जरा लांबचा एक माणूस दाखवतो, कारण तुमचा प्रश्न त्याच्या गोष्टीत जास्त स्पष्ट दिसतो. वेल्समधला जॅक रॅप्स. ऱ्होंडा खोऱ्यातल्या पेनिग्रेग क्लबचा रग्बी खेळाडू. जानेवारी 1897 मध्ये तो वेल्सकडून इंग्लंडविरुद्ध खेळला, वेल्स जिंकलं, आणि त्याच वर्षी तो उत्तर इंग्लंडमधल्या सॅलफर्ड क्लबात गेला. त्यानंतर वेल्सच्या संघाचं दार त्याला कायमचं बंद झालं. कारण 1895 च्या ऑगस्टमध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जुन्या रग्बी संघटनेतून बाहेर पडले होते, आणि भांडण कशावरून झालं होतं? खाड्यावरून. गिरणीत आणि खाणीत राबणारा खेळाडू सामन्यासाठी काम बुडवतो, त्याच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायची की नाही, एवढाच प्रश्न. उत्तरेकडच्यांनी ठरवलं, दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत द्यायची. जुन्या संघटनेनं म्हटलं, पैसा घेतला तो खेळाडू बाटला. तिकडं गेलेल्या रॅप्सला 1904 मध्ये विगनला नव्या पद्धतीचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळायला मिळाला, इंग्लंडविरुद्ध इतर देशांच्या संघातून. तो संघ 9-3 नं जिंकला. एका माणसाच्या अंगावर दोन्ही रग्बींचा आंतरराष्ट्रीय मान चढला, त्याचं हे जगातलं अगदी सुरुवातीचं उदाहरण. आपण भिलाईजवळच्या हथखोजच्या औद्योगिक पट्ट्यात राहणारी माणसं. खाडा म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. इथल्या शेडमध्ये ठेक्यावर काम करणाऱ्या पोराला एक दिवस कुस्तीच्या दंगलीला जायचं तर त्या दिवसाचे पैसे गेले. वेल्सचा तो खेळाडू आपल्याला परका नाही.

साशंक : परका नाही हे खरं, पण तुमच्या बाजूचाही नाही. 1897 मध्ये दोन्हीकडची रग्बी जवळजवळ एकच होती. पंधरा-पंधरा खेळाडू, तोच चेंडू, बराचसा तोच खेळ. तेरा खेळाडूंचा नियम 1906 मध्ये आला. म्हणजे रॅप्सनं जी रेषा ओलांडली ती मजुरीची होती. कौशल्याची रेषा तेव्हा धड आखलीही गेली नव्हती. आंदळकरांनी ओलांडली ती कौशल्याची. दोघांना एका पंगतीत बसवलंत तर दोघांचंही खरं मोल हरवतं. आणखी एक फरक. रॅप्सला परतीची वाट नव्हती. रग्बी युनियननं पैशाला परवानगी दिली ती थेट 1995 मध्ये. शंभर वर्षं ही बंदी टिकली. आंदळकर मात्र जकार्ताहून परत आले, मातीत उतरले, मोतीबागेत वस्ताद झाले, त्यांनी पोरं घडवली. त्यांना कुणी बाटलेला म्हटलं नाही, 1964 मध्ये अर्जुन पुरस्कार दिला. तिकडं भिंत होती, इकडं दार उघडं होतं. उघड्या दारातून जाणाऱ्याला भिंत फोडणाऱ्याचा मान का द्यायचा?

चाहता : दार उघडं होतं हाच आपल्या कुस्तीचा मोठेपणा आहे, आणि तो मी लपवणार नाही. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा बघा. 1961 पासून ती चालू आहे. तिच्यात माती विभाग वेगळा, गादी विभाग वेगळा, आणि मातीचा विजेता व गादीचा विजेता अखेरच्या कुस्तीत समोरासमोर येतात. दोन पद्धतींच्या वादातून इंग्लंडात दोन संघटना झाल्या, एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या. आपल्याकडं त्याच वादातून एक अंतिम लढत तयार झाली. त्या लढतीला उभ्या राहिलेल्या दोघांत कुणी बाटगा नाही. आंदळकर आणि माने मला थोर वाटतात ते याच कारणानं. त्यांनी माती सोडली नाही आणि गादीला तुच्छही मानलं नाही. एका शरीरात दोन घराण्यांची गायकी सांभाळावी तशी त्यांनी दोन्ही कुस्त्या सांभाळल्या.

साशंक : ती अखेरची कुस्ती कशावर होते, सांगा.

चाहता : गादीवर.

साशंक : तिथंच उत्तर आहे. दोघांना एकत्र आणलं ते एकाच्या घरात. माती विभागातला विजेता वर्षभर ज्या जमिनीवर घाम गाळतो, ती जमीन त्याला निकालाच्या दिवशी मिळत नाही. पण मी याला अन्याय म्हणणार नाही, कारण ऑलिंपिकही गादीवरच होतं. माझा मुद्दा वेगळा आहे. तुम्ही भिंत नाही म्हणता. मला भिंत दिसते, फक्त ती नियमावलीत लिहिलेली नाही. पश्चिम महाराष्ट्रात गावोगावच्या जत्रांना कुस्त्यांचं मैदान भरतं. इनामाच्या कुस्त्या लागतात, नाव झालेल्या पैलवानाला बोलावणं येतं, बिदागी मिळते. हंगामभर तो या गावाहून त्या गावाला मातीत लढतो आणि त्यावर त्याचा खुराक चालतो. दूध, बदाम, तूप, मटण, तालमीचा खर्च, सगळं त्यातून. गादीवर काय मिळतं? पदक मिळालं तर नाव आणि नोकरी. नाही मिळालं तर काही नाही. आता रॅप्सची गोष्ट पुन्हा वाचा. तिकडं मानाची पद्धत गरीब होती आणि बंडखोर पद्धत पैसे देत होती. इकडं मानाची ऑलिंपिक पद्धत गादीवर आहे, आणि रोजचा पैसा मातीत. मातीला आपण शुद्ध, भोळी, परंपरेची म्हणतो. हिशेब बघितला तर उत्तर इंग्लंडच्या त्या फुटलेल्या क्लबांची जागा आपल्याकडं मातीनं घेतली आहे. खाड्याची भरपाई तीच देते. पोरगा मातीत राहतो तो श्रद्धेनं राहतो तितकाच हिशेबानंही राहतो.

चाहता : ही बाजू मी अशी कधी मांडली नव्हती, आणि ती मला पटते. पण पटल्यावर माझं मन तुमच्या उलट दिशेला जातं. म्हणजे तो पोरगा अडाणी किंवा जुनाट नाही. ज्या आखाड्यात त्याच्या अंगाची किंमत लगेच मिळते तिथं तो उभा राहतो, जसा रॅप्स सॅलफर्डला जाऊन उभा राहिला. मग आपण त्याला ‘माती सोड, गादी धर, देशासाठी पदक आण’ असं सांगतो तेव्हा आपण जुन्या रग्बी संघटनेच्याच तोंडानं बोलतो. मानासाठी खेळ, पोटाचं तुझं तू बघ. हरियाणातल्या आखाड्यांनी गादी आधी स्वीकारली म्हणून आपण त्यांचं कौतुक करतो, आणि त्यांची मेहनत खरीच आहे. पण पदकानंतर मोठं रोख बक्षीस आणि सरकारी नोकरी मिळते, हे तिथं शेजारच्या घरात बघायला मिळालं. खाशाबांनंतर महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला 72 वर्षं लागली, आणि तेही कुस्तीत मिळालं नाही. 2024 मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्य मिळवलं. तो रेल्वेत तिकीट तपासनीस होता. खाशाबाही 1955 मध्ये पोलिसांत फौजदार झाले. नोकरी आणि खेळ यांची ही सांगड जमली की दुसऱ्या आखाड्यात उतरायला माणूस मोकळा होतो. भिलाईसारख्या गावाला हे वेगळं सांगायला नको. पोलादाच्या कारखान्यांनी, रेल्वेनं, पोलिसांनी आपल्या देशात खेळाडू पोसले आहेत.

साशंक : पण तुमची दोन उदाहरणं तारखा लावून शेजारी ठेवा. कुसाळेची नोकरी पदकाच्या आधीची. खाशाबांना पदक 1952 ला मिळालं, नोकरी 1955 ला. पैलवानाच्या बाबतीत बहुतेक वेळा खाशाबांचंच घडतं. नोकरी पदकामागून येते, आणि खाडा पदकाआधी पडतो. सोळा ते बावीस या वयात, जेव्हा गादीवरचे पवित्रे अंगात मुरायला हवेत, तेव्हा त्याच्या नावावर ना पदक असतं ना नोकरी. खेळाडूच्या नोकऱ्या झालेल्या कर्तृत्वाला मिळतात. होऊ घातलेल्या कर्तृत्वाला मिळत नाहीत. उत्तर इंग्लंडच्या त्या क्लबांचंही असंच झालं. 1898 ला त्यांनी पैसे घेऊन खेळायला उघड परवानगी दिली, पण अट घातली की खेळाडूला खेळाबाहेरचं खरं काम असलंच पाहिजे. काही वर्षांनी, 1905 मध्ये, ती अट त्यांना काढावी लागली. पूर्ण वेळ काम आणि पूर्ण ताकदीचा खेळ एका अंगात बसवायला सांगणं अवघड असतं. तेव्हा नोकरी हे उत्तर मला अर्धं वाटतं. ती एक भिंत पाडते आणि दुसरी उभी करते.

चाहता : मग उरलेलं अर्धं उत्तर मी देतो. खाडा आधी भरा. जत्रा जे मातीला देते तेच गादीला द्या : महिन्याचा खुराक, तालमीत माती शेजारी चांगली गादी, आणि पदकाची अट न घालता काही वर्षांचा आधार. जकार्ताचे ते दोघं आपोआप एका आखाड्यातून दुसऱ्यात गेले नाहीत हे मी आता मान्य करतो. त्यांना तालीम होती, वस्ताद होते, गाव पाठीशी होतं. ते सगळं आज एखाद्या सतरा वर्षांच्या पोराला मिळालं, तर तो दोन्हीकडं जाईल. विद्या ओलांडू शकते यावर माझा विश्वास कायम आहे. फक्त तिला भाडं लागतं हे तुमचं म्हणणं मी त्यात मिळवतो.

साशंक : आणि माझी शेवटची शंका तिथंच सुरू होते. समजा सगळं भाडं भरलं. तो पोरगा सोळाव्या वर्षापासून गादीवर आला, खुराक मिळाला, प्रशिक्षक मिळाला. मग तो मातीत परत कशाला जाईल? गादीवर खाली वाकून, वेगानं, सहा मिनिटांत गुण मिळवणारं अंग वेगळं घडतं. मातीत पकड धरून दम तोडणारं अंग वेगळं. आंदळकर आणि माने दोन्हीकडं जाऊ शकले, याचं एक कारण असं असेल की त्या काळात गादी अजून आजच्याइतकी वेगळी झाली नव्हती, जशी 1897 ची रग्बी झाली नव्हती. खेळ जितका पैसेवाला आणि शास्त्रशुद्ध होतो, तितका तो माणसाला पूर्ण मागतो. खाडा भरलात तर एकाच आखाड्याला वाहिलेले पैलवान जास्त तयार होतील, पदकंही येतील. पण दोन्ही आखाडे अंगावर घेणारा माणूस त्याच खाड्याच्या भरपाईमुळं नाहीसा होईल. तुम्हाला दोन्ही हवंय, आणि मला वाटतं, दोन्ही मिळणार नाही.

चाहता : तसं झालं तर मी ते सोसेन, पण आनंदानं सोसणार नाही. दोन्हीकडं लढणारा पैलवान दुर्मीळ झाला याचं दुःख मला होईल. दोन्हीकडं लढू शकला असता असा पोरगा खाड्याच्या भीतीनं एकाही आखाड्यात उतरला नाही, याचं दुःख त्याहून मोठं. तुम्ही मला निवड करायला लावताय, तर मी दुसरं दुःख आधी मिटवेन.

साशंक : मीही तेच आधी मिटवेन. फक्त मिटवताना आपण काय गमावतोय याची नोंद ठेवेन. तुमची चूक कुठं होईल ते मला आता दिसतं : आधार आला की तुम्ही म्हणाल, आता सगळं जुळलं. आणि माझी चूक कुठं होईल तेही दिसतं : काहीतरी हरवेल या धास्तीनं मी आधारच लांबवत राहीन. आंदळकर आणि माने यांनी दोन्ही अंगांनी लढून जे मिळवलं, ते परत मिळवायचं की त्यातलं एकच अंग पुढं न्यायचं, हे ठरवायचा हक्क मला आणि तुम्हाला नाही. नागपंचमीच्या दंगलीत उतरणाऱ्या इथल्या पोराला तो आहे. पण त्याला तो खराखुरा बजावता यावा यासाठी त्या दिवसाची मजुरी कुणी भरायची, हे मात्र आपल्यालाच ठरवायचं आहे. त्याबाबत आपल्यात अजून एकमत झालेलं नाही.